चालकाच्या नावाचा रकाना

“काका, तुमी त्या पाण्याच्या टाकीवर चढून हात हलवत ना, तवा मले वरून लय भेव वाटे. म्हनलं, हे आता पडतेत की मंग पडतेत,” उत्कर्ष हसत म्हणाला, आणि विमानाच्या डाव्या पंखाची दोरी सोडत असलेल्या उकंडरावांची बोटं गाठीतच राहिली.

बोलणाऱ्याच्या लेखी ते सकाळचं साधं बोलणं होतं. उत्कर्ष मानोरा तालुक्यातला, तिशीच्या आतला, वैमानिकाचं लायसन असलेला आणि वैमानिकाची नोकरी नसलेला. लायसन जिवंत ठेवायचं तर अधूनमधून काही तास उडावं लागतं, म्हणून तीन वर्षांनी तो पुन्हा धनजजवळच्या या धावपट्टीवर आला होता. हातात फडकं होतं, पुढची काच पुसता पुसता तो बोलत होता. टाकी खरी होती. वाशीमला, कॉलनीतल्या घराच्या गच्चीवर, काळी, हजार लिटरची. तिच्यावर चढून दोन्ही हात हलवणारा साठीतला माणूसही खरा होता; अख्ख्या कॉलनीनं त्याला पाहिला होता, पण खालून. त्याला वरून पाहिलेलं माणूस जगात एकच, अशी उकंडरावांची समजूत होती. ते माणूस म्हणजे त्यांची पोरगी धम्मदीपा, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

“तू कई पायलं मले?”

“कई म्हनजे? दर रयवारी. ताई सांगे ना, वाशीमवर एक घिरटी घाल, घरावर आलं की दोन खेप पंख हलव, अन् वापस ये.”

“ताई बाजूले बसे.”

“नाई जी. ताई खाली, या शेडातच. मी एकटाच जाओ.” त्यानं फडकं झटकलं. “तुमाले तं मालूमच आहे. बाबाले समदं सांगतलं म्हने ताई.”

“हाव,” उकंडराव म्हणाले. “मालूम आहे.”

गाठ सुटली. दोरी त्यांनी हातावर गुंडाळली, एकावर एक, सारखे वेढे, आणि खुंटीला अडकवली. मग उजव्या पंखाकडे गेले. माणसाच्या डोक्यावर आभाळ कोसळलं तरी हात आपलं काम करत राहतात, याचा त्यांना राग आला. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेले हात. बाप वारला त्या सकाळीही याच हातांनी आधी एका गाडीचे ब्रेक बसवले होते आणि मग ते घरी गेले होते. उजवी गाठ सोडताना त्यांना वाटलं, आत्ता विचारावं, लेका, काय बोलून राह्यला तू, नीट सांग. पण ‘मालूम आहे’ म्हणून बसलेल्या माणसाला विचारायची सोय राहत नाही. आणि उकंडरावांना सगळंच मालूम असतं, हे तर साऱ्या वाशीमला मालूम होतं. रिसोडहून येताना गिअरचा दांडा तुटला तेव्हा उसाचं टिपरं बसवून गाडी कोणी आणली, तर उकंडरावांनी. आणि वाशीमला उतरताना उतारूंनी ते टिपरं पेरापेरानं चोखून खाल्लं, हेही त्यांनीच सांगितलेलं. चहाच्या टपरीवर ते येऊन बसले की लोक दुसरा चहा मागवायचे. कोणी म्हणायचं, “उकंडभाऊ, आज जरा कमी फेका, ऊस लय कडक आहे.” यावर ते म्हणायचे, “कमी फेकलं तं तुमच्यापर्यंत पोचन नाई ना बापा.”

विमान घेतलं तेव्हा मात्र पहिले दोन महिने कोणी विश्वासच ठेवला नव्हता. एरवी नसलेल्या गोष्टी लोक हसत ऐकून घ्यायचे, आणि ही असलेली गोष्ट सांगितली तर उठून जायचे. धनजचं वडिलोपार्जित शेत समृद्धी महामार्गात गेलं. ज्यांचं ज्यांचं गेलं त्यांनी बंगले बांधले, मोठ्या गाड्या घेतल्या, कोणी पोरींची लग्नं अशी केली की जेवणावळीचा धूर मंगरुळपीरला दिसला. उकंडरावांनी विमान घेतलं. नवं नव्हे, पस्तीस वर्षांचं जुनं, दोन माणसांचं, पंख डोक्यावर असलेलं, बंद पडलेल्या कुठल्याशा क्लबात धूळ खात उभं असलेलं. पोरगी नागपूरला विमान शिकली होती, लायसन झालं होतं, आणि हातात काही नव्हतं. “जमीन सरकारनं मोजून नेली,” ते अंजनाला म्हणाले होते, “आभायाची मोजनी अजून कोनी केली नाई. पोरीले तिथंच सात एक्कर देऊन टाकू.” अंजना तेव्हा मेथी निवडत होती. ती म्हणाली, “अन् पेरान काय?” मग दोघंही हसत सुटली होती, आणि आतल्या खोलीतून धम्मदीपा म्हणाली होती, “आई, पायलटचं गानं नोको लावू, मले झोपू दे.” असंच काहीतरी म्हणाली होती. गाणं नव्हतं ते, दुसरंच काही. तिचा आवाज नीट आठवतो आणि शब्द सरकतात, असं हल्ली फार व्हायला लागलं होतं.

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मालकानं एके काळी स्वतःच्या हौसेखातर बांधलेली ही धावपट्टी. बाजूला पत्र्याचं शेड. तिथं विमान ठेवायची सोय झाली, आणि एका रविवारी सकाळी धम्मदीपा विमान घेऊन वाशीमवर आली. कॉलनीतल्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. विमानानं पंख हलवले, आधी डावा खाली, मग उजवा, आणि उकंडराव पाण्याच्या टाकीवर चढले. कसे चढले ते त्यांनाही कळलं नाही. खाली अंजना ओरडत होती, “अवो, उतरा, टाकीचं झाकन तुटन!” त्या दिवसापासून रविवार म्हणजे विमान. आणि विमान म्हणजे सोमवारची टपरी. पोरगी इतकी खाली येते की माझ्या हातातला पेपर तिनं वरून वाचला, आणि संध्याकाळी मला विचारते, बाबा, तिसऱ्या पानावरची बातमी खरी का. सोहळच्या रानात काळविटांनी विमानाच्या सावलीबरोबर शर्यत लावली, आणि सावली हरली. पोरगी बिचारी मागे वळून सावली घ्यायला गेली. लोक हसायचे, टाळ्या द्यायचे, आणि त्या हसण्यात आता नवीन काही होतं. फेकणाऱ्याच्या पाठीशी खरं विमान उभं होतं. एकतीस वर्षं ज्याच्या कपड्यांना ऑइलचा वास आला, त्याला साहेब लोक रस्त्यात थांबवून “जय भीम, उकंडराव, काय म्हणते पायलट?” असं विचारायला लागले. ते सांगायचे. रोज थोडं जास्त सांगायचे. घरी येऊन पोरीलाही ऐकवायचे. ती ऐकायची, हसायची, जिन्याच्या पायरीवर बसून गुडघा दाबत राहायची.

“काका, पेट्रोल तपासून घेऊ?” उत्कर्षनं विचारलं.

“घे. पेट्रोलात पानी नसन, तरी पाय. मी लॉगबुक आनतो.”

शेडात टेबल होतं, टेबलाच्या खणात लॉगबुक. धम्मदीपा गेली तेव्हा सगळे म्हणाले, विमान विकून टाका. पण उभं विमान उभ्या गाडीपेक्षा लवकर सडतं, हे त्यांना मेकॅनिक म्हणून दिसत होतं. आणि विकवत नाही, हे त्यांना मेकॅनिक नसलेल्या जागी कळत होतं. म्हणून तासावर द्यायला सुरुवात केली. नागपूरकडची, छत्रपती संभाजीनगरची, कुठकुठली पोरं यायची, ज्यांना लायसनपुरते तास भरायचे असत. भाडं म्हटलं तर परवाना लागतो, म्हणून तेल-दुरुस्तीचा वाटा म्हणायचा, असं विमान विकणाऱ्यानंच शिकवून ठेवलं होतं. अट एकच: रविवारी यायचं, वाशीमवर एक घिरटी घालायची, सांगितलेल्या घरावर दोनदा पंख हलवायचे. पोरं विचारायची, का? उकंडराव सांगायचे, इंजिनाला सवय आहे, नाही हलवलं तर बिघडतं. पोरं हसायची आणि हलवून यायची. रविवारी ते स्वतः इथं धावपट्टीवरच असायचे; संध्याकाळी घरी गेलं की अंजनाला म्हणायचे, “आलतं ना? हलवला ना हात?” ती म्हणायची, “आलतं. हलवला ना.” त्या दोन वाक्यांवर पुढचा आठवडा निघायचा. कॉलनीतलं कोणी आता मान वर करत नव्हतं. पण अंजना आहे ना गच्चीवर. वर विमान, खाली अंजना, एवढं जागेवर असलं की बाकीचं कसंतरी उभं राहत होतं.

त्यांनी लॉगबुक उघडलं. ते रोज उघडायचे. आज उघडताना पानाला बोट लागलं आणि थांबलं. डावीकडे पहिला रकाना तारखेचा. दुसरा चालकाच्या नावाचा. मग कुठून कुठं, मग किती वेळ, मग तेल, आणि शेवटी, उजवीकडे, बिघाड. उकंडरावांची नजर जन्मभर उजवीकडून शिरलेली. एसटीत गाडी रात्री आत आली की लॉगशीट वर्कशॉपात यायची, आणि मेकॅनिकनं बघायचं ते शेवटच्या रकान्यात: ब्रेक कमी, क्लच कडक, डावा दिवा बंद. गाडी चालवली कोणी, हे वाहतूक शाखेचं काम. एखादा नवा पोरगा वर्कशॉपात चालकाचं नाव वाचून “यानंच गिअर खाल्ला असंन” म्हणाला, तर उकंडराव त्याला दाबत, “आपन गाडीचे डाक्टर हाओ, मानसाचे नाई. नाव वाचाचं नाई.” विमान आलं तेव्हाही तसंच. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ते एसटीनं धनजला यायचे, इंजिनाचं झाकण उघडायचे, तेल बघायचे, आणि या टेबलाशी बसून लॉगबुक वाचायचे, उजवीकडून. तास किती झाले. तेल किती घातलं. बिघाड: काही नाही. समाधानानं मिटून ठेवायचे. पुढच्या खुर्चीवर धम्मदीपा बसलेली असायची. ते वाचत असताना ती काही बोलायची नाही. वाचून झालं की म्हणायची, “वाचलं बाबा?” आणि ते म्हणायचे, “हाव, एकदम टकाटक.”

जुनी पानं त्यांनी मागं उलटली. आता डावीकडून. अक्षर तिचंच, बारीक, उभं, शाळेत पहिलं बक्षीस मिळालेलं. सुरुवातीच्या प्रत्येक रविवारी दुसऱ्या रकान्यात तिचं नाव. त्यांनी बोटानं खाली खाली येत मोजलं. अकरा. बाराव्या ओळीत, त्याच बारीक उभ्या अक्षरात, उत्कर्ष. तेराव्यात उत्कर्ष. मग पान उलटलं तरी तेच. मध्ये कधीतरी दुसऱ्या कोणाचं नाव, पुन्हा उत्कर्ष, चौदा महिने, ती जायच्या आधीच्या रविवारपर्यंत. कुठं खाडाखोड नाही, कुठं अस्पष्ट नाही. एकाही ओळीत तिनं खोटं लिहिलं नव्हतं. महिन्यातून एकदा जो एकच माणूस हे पुस्तक वाचायला यायचा, त्याच्यासमोर बसून, त्याच्या वाचण्याकडे बघत, तिनं चौदा मंगळवार हे सांगितलं होतं. वाचलं बाबा? हाव, एकदम टकाटक.

अकराव्या आणि बाराव्या रविवारच्या मध्ये काय होतं, ते आठवायला त्यांना कष्ट पडले नाहीत. नागपूरची वैद्यकीय तपासणी. लायसन चालू ठेवायला ती पुन्हा करावी लागते, पहिल्या वेळी सुटलेलंही या वेळी सापडतं, रक्त घेतात, कान बघतात, डोळे बघतात. ती रात्रीच्या बसनं परत आली होती, तोंड उतरलेलं. ते दारातच म्हणाले होते, “झालं ना?” ती म्हणाली, “झालं.” झालंच होतं, तपासणी झाली होती, ती खोटं बोललीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. तिच्या तोंडात स्वतः पेढा घातला. तो तिनं किती वेळ चघळला होता, तेही आता आठवायला लागलं. रक्त. सहावीत असताना शाळेत तपासणीवाले आले होते, आणि तिला सिकलसेलचं कार्ड मिळालं होतं. त्यांना आणि अंजनाला पुढं मिळाली ती अर्ध्या दोषाची, वाहकाची. वस्तीत घरटी एकदोन कार्डं होती. ज्याच्या घरात नाही त्यालाच लोक विचारायचे, तुमच्याकडे आले नाहीत का. उकंडरावांनी तीनही कार्डं पेटीत रेशनकार्डाखाली ठेवली आणि म्हणाले, काही नाही, हातपाय दुखतात एवढंच. तिचे हातपाय दुखायचे. थंडीत जास्त. शेवटी, ती गेली तेव्हा, अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर बराच वेळ त्यांच्याशी बोलत होते, छाती, रक्त, कार्ड, आधी काही सांगितलं का नाही. उकंडरावांना त्यातली फक्त डॉक्टरच्या ओठांची हालचाल आठवत होती. सांगणारे सगळे सांगतच होते. कार्डवाले, डॉक्टर, लॉगबुक, पोरगी.

आणि तो हिरवा शर्ट. हे त्यांना आठवायचं नव्हतं, म्हणून तेच आलं. रविवारी विमान परत उतरलं की ती फोन करायची. “बाबा, दिसलं?” आणि मग, “आज पांढरा सदरा घातला ना?” ते खालच्या लोकांना ओरडून सांगायचे, “पाय रे बाप्पा, हजार फुटावरून पोरीनं सदरा ओयखला!” एका रविवारी ती म्हणाली, “बाबा, आज हिरवा शर्ट मस्त दिसत होता.” उकंडराव बनियनवर होते. उकाडा होता, घाईत तसेच टाकीवर चढले होते. फोन कानाशी धरून त्यांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं होतं. बनियन, पांढरं, खांद्यावर भोक. आणि ते म्हणाले होते, “हाव माय, हिरवाच.” मग फोन ठेवून ते खाली गेले, कपाट उघडलं, हिरवा शर्ट काढून घातला, आणि तो घालून टपरीवर गेले आणि ती गोष्ट सांगितली. शर्टाची बटणं लावताना त्यांना काय वाटलं होतं? ती चुकली, एवढंच? की तेव्हाच, बटणं आणि काजांच्या मध्ये, कुठंतरी आत एक दार लोटलं गेलं होतं आणि त्यांनीच ते पायानं दाबून धरलं होतं? एक शब्द विचारला असता, “दीपा, खरं सांग, कोन होतं वर?” तर ती रडली असती, आणि रडून सुटली असती. पण मग सोमवारी टपरीवर काय सांगायचं होतं? हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला होता की आत्ता पडत होता, हे काही केल्या ठरेना, आणि दोन्हींत कोणतं बरं, तेही ठरेना.

उत्कर्ष दारात उभा होता. “सही करू ना काका?”

“कर.” त्यांनी लॉगबुक त्याच्याकडे सरकवलं. तो दुसऱ्या रकान्यात नाव लिहीत असताना ते त्याच्या पेनाकडे बघत राहिले. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “तू वर गेला की इकडं थे काय करे? तिनं सांगतलं मले, पन तुयाकून आयकू दे.”

“काय करन? इथंच खुर्ची टाकून बसे. मोबाईलवर नकाशात माहं विमान दिसे तिले. मी उतरलो की म्हने, आंधी इंजिन बंद कर. मंग चालू होय. गच्चीवर कोन कोन होतं? बाबा टाकीवर होते का? आई कोन्या आंगाले होती? शर्ट कोनता? म्या म्हनलं, ताई, हजार फुटावरून मानूस म्हनजे मुंगी. मुंगी हात हलवून राह्यली एवढं दिसते, रंग कुठून दिसन? तं आयकेच ना. मंग मी ठोकून देओ काईबी. निया. पांढरा. एक खेप हिरवा.” तो हसला. “दोन दोन खेपा सांगाले लावे. मंग तुमाले फोन करे.”

“फोन झाल्यावर?”

“मंग शेडामांगं जराशी चाले. पाय दुखत ना तिचे.” त्यानं पेनाचं टोपण लावलं. “एक खेप म्या म्हनलं, ताई, तू चालवू नको, पन बाजूले बसाले काय हरकत आहे? सवारी म्हनून तं जमते. तं म्हने, बाबा टाकीवरून सवारीले हात नाई हलवत.”

बाहेर तुरीच्या काढलेल्या रानातून वारा आला आणि शेडाचा पत्रा एकदा वाजला. उकंडरावांना वाटलं, या पोराच्या एक द्यावी. मग वाटलं, याच्या पायावर डोकं ठेवावं. यानंच नव्हे का चौदा महिने तिच्या वतीनं वर जाऊन बघितलं आणि खाली येऊन सांगितलं, न दिसलेलंसुद्धा, दोन दोनदा.

“अन् काका, तुमची अट मालूम आहे मले,” उत्कर्ष म्हणाला. “पोरं सांगतेत. वाशीमवर जाऊ ना?”

“जाय. पंख हलव. अन् गच्चीवर कोन आहे थे पायजो. मले येऊन सांगजो.”

“कोन म्हनजे, काकूच असतीन.”

“हाव. पन पायजो.”

विमान धावपट्टीवर पळालं, उचललं, पश्चिमेकडे वळलं आणि आवाज बारीक होत गेला. तीन वर्षांत ते विमान गेल्यावर कधी इथं बसले नव्हते. दोऱ्या आवर, गवत काप, टायरची हवा बघ, असं काहीतरी काढायचे. आज खुर्ची शेडाच्या तोंडाशी ओढली आणि बसले. काय करायचं असतं इथं बसून? समोर धावपट्टीचं तुटकं डांबर, भेगांतून उगवलेली तरोट्याची वाळकी झुडपं, लांब महामार्गावरून सरकणारे ट्रक, ज्यांच्या खाली त्यांचं शेत होतं. एक साळुंकी आली, दोन पावलं चालली, गेली. वेळ जात नव्हता. वर असणाऱ्याचा वेळ जातो. खालच्याचा जात नाही. वीस मिनिटं जायला, वीस यायला, मधली घिरटी. तिच्याकडे नकाशा तरी होता, त्यात एक ठिपका सरकत असणार, वाशीमच्या दिशेनं, बापाच्या दिशेनं, आणि ती ठिपक्याबरोबर मनातल्या मनात सगळं करत असणार, आता डावीकडे, आता पंख, आता टाकीवर बाबा. आणि तिकडे बाबा टाकीवर, दोन्ही हात वर, गळ्याच्या शिरा फुगवून आभाळाकडे ओरडत, “दीपाऽ, ए दीपाऽ!” आणि पोरगी साठ किलोमीटर लांब पत्र्याच्या सावलीत. तो आवाज कुठं गेला असेल सगळा? उत्कर्षच्या कानांवर तर इंजिन. कोणाच्याच वाट्याला न आलेला तो ओरडा त्यांना आता स्वतःच्या घशात जाणवला, आणि त्यांनी तोंड उघडलं, पण तिथं कोणी नव्हतं, म्हणून मिटलं.

विमान परत दिसलं तेव्हा ते उठले नाहीत. ते उतरलं, पळालं, वळून शेडापुढं आलं. पंखा थांबला. उत्कर्ष उतरून कानावरचं काढत चालत आला आणि त्यांच्या तोंडाकडे बघून जरा हळू झाला.

“काय पायलं?”

“काका, गच्चीवर कोनी नोतं.”

“निरखून पायलं का?”

“दोन घिरट्या घातल्या. टाकी दिसली. दोरीवर कपडे दिसले. मानूस नाई.” मग तो घाईनं म्हणाला, “जिन्यात असतीन काकू. नाई तं सावलीले. वरून सावलीतलं नाई दिसत.”

पोरगा पुन्हा ठोकून द्यायला लागला होता. सवय लागली होती बिचाऱ्याला. “जाय, हातपाय धू,” ते म्हणाले. “विमान मी बांधतो.” तो नळाकडे गेल्यावर त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

“आलतं जी,” अंजना फोन उचलताच म्हणाली. मागं कुकरची शिटी झाली. “आताच गेलं. हलवला मी हात.”

हे वाक्य त्यांनी दीडशेक वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी पुढे ‘बरं झालं’ म्हटलं होतं. आताही जिभेवर तेच आलं. अंगात हिरवा शर्ट घालताना कसं वाटतं, ते त्यांना आठवलं.

“अंजना, गच्चीवर कोनी नोतं म्हने.”

कुकर आणखी एकदा वाजला. मग गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

“पयल्या रयवारी गेलती,” अंजना म्हणाली. “आवाज आला अन् खाली बसून घेतलं कपड्याच्या दोरीखाली. मंग नाई गेली कई.”

“तीन वर्सं?”

“तीन वर्सं.”

“मंग सांगतलं काहून नाई मले? दर रयवारी इचारत होतो ना मी.”

“तुमी इचारत नोते जी,” अंजना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. “तुमी सांगत होते. हलवला ना, म्हनून. मी फकस्त हाव म्हनो.”

नळावर उत्कर्षच्या चुळा भरण्याचा आवाज येत होता. समोर विमान उभं होतं, न बांधलेलं. वाऱ्यानं त्याची शेपटी जराशी हलत होती. एकतीस वर्षांत न बांधता, न झाकता, ब्रेक न तपासता त्यांनी काही मोकळं सोडलं नव्हतं. पण ते उठले नाहीत.

“अंजना, दीपाचं सांगाचं आहे एक. घरी येऊन सांगतो.”

“घरी येईपर्यंत तुमी त्याची गोष्ट करून टाकसान. आताच सांगा.”

त्यांनी सांगितलं. तपासणीत ती नापास झाली होती. रक्तामुळं. अकराच रविवार तिनं उडवलं. पुढचं सगळं या पोरानं, उत्कर्षनं. लॉगबुकात तिनं लिहून ठेवलं होतं, मीच वाचलं नाही. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की वाक्यं फार लहान येतायत, आणि एक संपल्यावर दुसरं कुठून आणावं ते सुचत नाही. कोणी हसत नव्हतं, कोणी ‘मंग?’ म्हणत नव्हतं.

“मंग थे कुठं राहे?” तिनं विचारलं. “इमान इकडं येई तवा?”

“इथंच. शेडात. खुर्चीवर बसून राहे, इमान वापस येईपर्यंत.”

त्यांना वाटलं फोन कटला. कानापासून काढून त्यांनी पाहिलं. सेकंद पुढे चालले होते.

“एकटीच बसे?” अंजनानं विचारलं.

उकंडराव खुर्चीवरून उठले. खुर्ची त्यांनी हातानं जराशी मागं सरकवली, आणि उभ्यानंच म्हणाले, “एकटीच.”